वीकेंडला डोंगरात, सोमवारी ऑफिसात: ऑफरोड गाडी घेणं, सुधारणं आणि धड घरी आणणं

महिंद्राची थार नाहीतर मारुतीची जिम्नी बुक केली की डिलिव्हरी मिळायच्या आधीच लोकांचं ऑनलाइन कार्ट भरलेलं असतं. लाइट बार, मोठ्ठा लोखंडी बंपर, छतावर रॅक, रॅकवर जेरीकॅन, आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट तर पाहिजेच. गाडीचं चाक अजून मातीला लागलेलं नाही आणि लाखभर रुपये उडालेले असतात. माझं मत अगदी साधं आहे, गाडी खरोखर जिथे अडली त्या अडचणीवरचाच उपाय विकत घ्या, बाकीचं दुकानातच शोभून दिसू द्या. कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे ही एकच गाडी असते आणि रविवारी मुळशीच्या चिखलात लोळून आली तरी सोमवारी सकाळी तिलाच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं असतं.

पुढचं सगळं सह्याद्री डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे मावळ, मुळशी, भोर, वेल्हे आणि घाटाखाली कोकण. वाळवंट किंवा लडाखचं गणित वेगळं, ते इथे नाही.

गाडी कुठली घ्यायची

पहिली गोष्ट म्हणजे ४ बाय ४ आहे का, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते का, आणि त्यात लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर आहेत का, हे बघा. वेडगळ वाटेल हा सल्ला पण जानेवारी २०२३ पासून थार नुसती मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि बाहेरून ती जवळपास तशीच दिसते. सेकंड हँड घेताना गिअरच्या शेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का ते बघायचं, बस. ऑक्टोबर २०२० ते २०२२ च्या तीन दरवाज्यांच्या नव्या थार सगळ्या ४ बाय ४ च आहेत. २०२४ ला आलेल्या पाच दरवाज्यांच्या थार रॉक्समध्ये ४ बाय ४ फक्त डिझेलला दिलंय.

तीन दरवाज्यांची थार आपल्याकडे सगळ्यात सोपी पडते. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीखालची मोकळी जागा) २२६ मिमी, पाण्यात ६५० मिमीपर्यंत जायची कंपनीची परवानगी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, आणि प्रत्येक गावात कोणीतरी मेस्त्री असतोच ज्याने महिंद्राची गाडी खोललेली असते. जिम्नी हलकी, साधारण १२०० किलो, दोन्ही ॲक्सल सरळ रिजिड (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर), त्यामुळे जिथे थार स्वतःच्या वजनाने रुतते तिथून ही टुणकन निघून जाते. पण पाच दरवाज्यांमुळे तिचा व्हीलबेस २५९० आहे आणि क्लिअरन्स २१०, म्हणजे टेकाडावर पोट टेकायची शक्यता जास्त. रॉक्सचा व्हीलबेस तर २८५० मिमी, फॅमिलीला मस्त, अरुंद वळणावर आणि उंचवट्यावर त्रास. फोर्स कंपनीची गुरखा ज्याला खरंच ऑफरोडच करायचंय त्याच्यासाठी, पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे) आणि स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) कंपनीतूनच लागून येतो, म्हणजे निम्मं मॉडिफिकेशन फोर्सनेच करून दिलंय. हायवेवर मात्र तिला घाई चालत नाही.

जुनी जिप्सी किंवा २०२० च्या आधीची सीआरडीई थार घेणार असाल तर इंजिनापेक्षा चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बघा. गाडी रॅम्पवर चढवून टॉर्च घेऊन खाली झोपायचं. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे वेल्डिंगचे जोड आहेत का, पाट्यांचे शॅकल (पाटा आणि चासी जोडणाऱ्या कड्या) जिथे लागतात तिथे गंज किती खोल गेलाय, चासी नंबर स्पष्ट आहे का आणि आरसीशी जुळतो का. कोकणातली गाडी असेल तर छोट्या हातोडीने टकटक करून बघा, गंज आत पोखरत गेला असेल तर आवाजच वेगळा येतो. १५ वर्षं झालेल्या गाडीची आरसी रिन्यू झालीय का, पर्यावरण कर भरलाय का, हेही तिथल्या तिथे विचारायचं, नंतर आरटीओच्या चकरा आपल्यालाच माराव्या लागतात.

डिफ लॉकबद्दल एक गोष्ट समजून घ्या कारण यावर खूप गोंधळ दिसतो. साध्या डिफमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यात, ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरत राहतं आणि पकड असलेलं चाक नुसतं उभं असतं, म्हणून एक मागचं आणि एक पुढचं चाक हवेत गेलं की ४ बाय ४ असूनही गाडी जागची हलत नाही. थारच्या काही व्हेरिएंटला मागे मेकॅनिकल लॉक येतो, तो आपोआप लागतो पण त्यासाठी दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडायला लागतो. म्हणजे चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढायचा नाही, ॲक्सिलरेटर किंचित आणि एकसारखा धरायचा, खालून ठक असा आवाज येतो आणि गाडी चालायला लागते. जिम्नीत हेच काम ब्रेक करतात, फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो आणि ताकद दुसरीकडे जाते, तिथेही पाय स्थिर हवा. कुठल्या वर्षाच्या कुठल्या व्हेरिएंटला काय आलंय यात फरक आहे, त्यामुळे ब्रोशरवर न जाता जी गाडी घेताय तीच नीट तपासा.

पहिला पावसाळा गाडी जशी आहे तशीच चालवा

हे कोणालाच आवडत नाही पण करा. कंपनीतून आलेली थार किंवा जिम्नी नवख्या ड्रायव्हरपेक्षा कितीतरी जास्त सक्षम असते. एखाद्या चांगल्या ट्रेनिंगला एक दिवस जा, महिंद्राचीच इगतपुरीला ऑफरोड ट्रेनिंग ॲकॅडमी आहे, आणि खाजगी ट्रॅकही पुण्या-मुंबईच्या आसपास आहेत. तिथे तुमच्याच गाडीचं नाक कुठे घासतं, पोट कुठे टेकतं, मागचा बंपर कुठे लागतो ते कळतं. ते एका वहीत लिहून ठेवा. हीच तुमची पुढची खरेदीची यादी.

पैसे आधी टायरवर

चारही चाकं मिळून जमिनीला जेवढी टेकतात तेवढाच गाडीचा आणि जमिनीचा संबंध, म्हणून पहिला खर्च इथे. एचटी टायर रस्त्याचा, एमटी चिखलाचा आणि एटी मधला. वीकेंडवाल्याने डोळे झाकून एटी घ्यावा. एमटी दिसतो भारी, पण एक्स्प्रेसवेवर ओरडतो, ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो आणि झिजतोही लवकर. आपल्या लाल मातीच्या चिकट चिखलात एमटीचा फायदा आहे हे खरं, पण वर्षातले किती दिवस तुम्ही तशा चिखलात असता ते तुम्हीच मोजा.

साइज वाढवताना आकडेमोड करा, टायरवाला करणार नाही. जिम्नीला १९५/८० आर १५ येतो (रुंदी मिमीत, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), त्याचा व्यास होतो सुमारे ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ टाकला की ७०३ च्या आसपास, म्हणजे व्यास वाढला १० आणि क्लिअरन्स त्याच्या निम्मा, जेमतेम ५ मिमी. २३५/७५ आर १५ ला व्यास ७३३ होतो, क्लिअरन्स २० मिमी वाढतो, पण टायर घासायला लागू शकतो, पिकअप बसतो आणि चाकाचा फेर ६ टक्क्यांच्या आसपास वाढल्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढा कमी दाखवतो. हायवेवरच्या स्पीड कॅमेऱ्याला हे कारण सांगून उपयोग नसतो.

थारवाल्यांसाठी उलटा सल्ला. वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ येतो आणि त्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) साधारण १६६ मिमी, खालच्या मॉडेलला आलेल्या २४५/७५ आर १६ ची साइडवॉल १८४ मिमी. दगडात साइडवॉल जितकी उंच तितकं बरं, हवा कमी केल्यावर टायर दबायला जागा मिळते आणि रिमला मार बसत नाही. म्हणजे १८ चे रिम विकून १६ चे घेतले तर टायरची निवडही वाढते, क्लिअरन्स मात्र ७-८ मिमीने कमी होतो आणि माझ्या मते तो सौदा परवडतो. दिसायला १८ चं चाक छान दिसतं हे मान्य.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. ४ बाय ४ मध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं लावलं की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट फुटला की त्याला धारदार कडा येतात, त्या नेमक्या साइडवॉल कापतात आणि कापलेल्या साइडवॉलला पंक्चरवाल्याकडे खात्रीचा इलाज नसतो, स्टेपनीच लागते.

हवा कमी करणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं मॉडिफिकेशन हेच आहे. हवा कमी केली की टायर लांबीला जास्त टेकतो, दगडाभोवती वाकतो, गाडी आपटत नाही. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर खडकाळ कच्च्या रस्त्याला २४ च्या आसपास, चिखल आणि मोठ्या दगडांना १८ ते २०, मऊ वाळूला १५-१६. जिम्नी-जिप्सीसारख्या हलक्या गाडीला यातून अजून दोन-तीन कमी चालतात. पण गाडी कुठलीही असो, साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, जोरात वळलात की टायर रिमवरून सुटतो. आणि हवा कमी असताना वेग ३०-४० च्या वर न्यायचा नाही, टायर तापतो.

डांबरी लागली की पहिलं काम हवा भरणं, म्हणून कॉम्प्रेसर पाहिजेच. लायटरच्या सॉकेटवर चालणारे खेळणे नकोत, त्या सॉकेटचा फ्यूज मोठ्या कॉम्प्रेसरला पुरत नाही, थेट बॅटरीला चिमटे लावायचे असतात तसला घ्या आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा. सोबत खात्रीचा प्रेशर गेज, पंक्चर किट, व्हॉल्व्हच्या दोन-चार जास्तीच्या पिन.

रुतल्यावर बाहेर काढायचं सामान

इथे कंजुषी करू नका कारण ताणलेला दोर तुटला की माणूस मरतो. नुसतं घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये, ताणातून सुटलेला लोखंडी तुकडा काच फोडून आत येतो.

किटमध्ये हवं ते असं: एक कायनेटिक दोर, ९ मीटरच्या आसपास, जो ताणला जातो आणि झटका पचवतो. साधा टोइंगचा पट्टा वेगळा, तो ताणला जात नाही, त्याने सपाट रस्त्यावर गाडी ओढायची, रुतलेल्या गाडीला त्याने झटका द्यायचा नाही. दोर गाडीला जोडायला दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराच्या कड्या, किंवा लोखंडी बो शॅकल घेतला तर ४.७५ टन कोरलेला, पिन पूर्ण आवळून मग पाव आटा मागे घ्यायची म्हणजे जाम होत नाही. रुतलेल्या चाकाखाली पकडीसाठी टाकायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी. आणि एक फावडं, हो, साधं फावडं, बहुतेक वेळा तेच सगळ्यात जास्त काम करतं.

दोर लावायचा कुठे हा खरा प्रश्न. बंपरमध्ये जो स्क्रू करून हुक लावतात तो ट्रकवर गाडी बांधायला किंवा सपाटीवर ओढायला असतो. ट्रेलरच्या टो बॉलला तर कधीच लावायचा नाही, तो निसटला की गोळीच. चासीला थेट बोल्ट झालेला, चांगल्या ग्रेडचे बोल्ट वापरलेला रिकव्हरी पॉइंट पुढे एक आणि मागे एक, एवढं गाडी घेतल्यावर लगेच करून घ्या. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा हुक चिकटवून घेऊ नका.

ओढण्याआधी चाकांसमोरचा चिखल फावड्याने मोकळा करा, हवा अजून दोन-तीन पीएसआय कमी करा, बोर्ड टाका, निम्म्या वेळा गाडी तशीच निघते. नाहीच निघाली तर दोर लावा, दोरावर मध्ये ओलं पोतं किंवा जड जॅकेट टाका, आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. गावातली पोरं लगेच गोळा होतात आणि त्यांना जवळून बघायचं असतं, त्यांना लांब करणं हे एका माणसाचं पूर्णवेळ काम धरा. ओढणारी गाडी हळू, लो रेंजमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला, दोराला थोडी ढील ठेवून निघते, सुसाट पळत येऊन झटका देत नाही.

खालचं कवच आणि ब्रीदर

दगडात जायचं असेल तर पोटाखाली स्किड प्लेट, म्हणजे चेंबर, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस झाकणारा जाड पत्रा. ऑइल बदलण्यासाठी भोक ठेवलेली प्लेट घ्या नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला मेस्त्री शिव्या घालतो. दाराखाली रॉक स्लायडर चासीला लावलेले हवेत. पाय ठेवायची जी फॅन्सी पायरी असते ती स्लायडर नव्हे, ती पहिल्याच दगडावर वाकते आणि वर दारात घुसते.

एक स्वस्तातलं काम मी प्रत्येकाला सांगतो, डिफचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची तोंडं, उंच करा. गरम डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. थोडा रबरी पाइप आणि क्लिपा लावून तो बॉनेटच्या उंचीला नेला की काम झालं. आधी तुमच्या गाडीत कंपनीने तो किती उंचीवर दिलाय ते बघा, काही गाड्यांत आधीच बरा असतो.

लिफ्ट: हवीय का खरंच?

लिफ्टने बॉडी वर जाते, डिफची खालची बाजू तिथेच राहते, ती फक्त मोठ्या टायरने वर येते. त्यामुळे दोन इंच लिफ्ट टाकली म्हणजे दोन इंच क्लिअरन्स मिळाला असं नसतं. मिळतं काय तर नाक, पोट आणि शेपटीला मोकळीक आणि मोठ्या टायरला जागा. जातं काय ते नीट ऐका. गाडीचा तोल वर सरकतो. जिम्नीसारख्या रिजिड ॲक्सलच्या गाडीत पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (स्टिअरिंग सरळ ठेवणारा तिरकेपणा) बदलतो, स्टिअरिंग भरकटायला लागतं आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथड थरथरायला लागू शकतात, शिवाय ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. म्हणजे स्प्रिंगबरोबर कॅस्टरचे बुश आणि ॲडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड पण आलाच. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, तिथे जास्त उचललं तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात, बूट फाटतात, ग्रीस बाहेर येतं. ब्रेकचे होज पुरतायत का हे पूर्ण लटकलेल्या चाकावर तपासावं लागतं.

करायचीच असेल तर दीड-दोन इंचांवर थांबा, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडीचे घ्या, नुसते स्प्रिंगखाली स्पेसर टाकू नका, आणि त्यानंतर लगेच अलाइनमेंट. आधी कंपनीतून आलेल्या मूळ गाडीचं पोट नेमकं कुठे टेकतंय ते वहीत आलंय का? नसेल आलं तर हा खर्च पुढच्या वर्षी.

विंच, स्नॉर्कल, रॅक

विंच, म्हणजे मोटरवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, एकट्या-दुकट्या गाडीने दुर्गम भागात जाणाऱ्यांसाठी. ताकद हवी सामान भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट, थारला ९,५०० पौंडाचा म्हणजे साधारण ४,३०० किलोचा पुरतो. दोर लोखंडी नको, सिंथेटिक घ्या, हलका असतो आणि तुटला तर मार कमी बसतो. पूर्ण ताकद ड्रमच्या सगळ्यात आतल्या थरावरच मिळते आणि पुलीचा ब्लॉक लावला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. झाडाला बांधताना रुंद पट्टा वापरा, साल सोलवटली की झाड मरतं. दोन-तीन गाड्यांनी एकत्र जाणार असाल तर विंचचे पैसे वाचले.

स्नॉर्कल बसवला म्हणून गाडी पाणबुडी होत नाही, दारं, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं तिथेच खाली असतं. धुळीत कॉन्व्हॉयमध्ये थोडी स्वच्छ हवा मिळते हा त्याचा खरा रोजचा फायदा. छतावरचा रॅक मी टाळतो, सगळं वजन नको तिथे जातं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलंय, आणि त्यामागे कारणही आहे, पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि पुढच्या धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. मग लोखंडी बंपर, लिफ्ट, मोठे टायर यांचं काय? रस्त्यावर अडवलं तर वाद घालायला तुमच्याकडे फारसं काही नसतं, एवढं लक्षात ठेवून ठरवा. कंपनीची अधिकृत ॲक्सेसरी असेल तर शोरूममधून बसवून बिल घ्या, विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीभोवती फिरून नेमकं तेच लिहून घेतो. वॉरंटीही त्या त्या भागापुरती गेली असं समजा.

कुठे आणि कधी जायचं

सह्याद्रीत मोकळी जमीन म्हणजे कोणाचीच नाही असं कुठेच नसतं. एकतर मालकी, नाहीतर वनखातं, नाहीतर धरणाची संपादित जमीन. भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, तिथे रस्ता सोडून गाडी घालणं म्हणजे थेट गुन्हा. कासच्या पठारावर आणि तसल्या कुठल्याही सड्यावर चाक घालू नका, तिथली माती बोटभर असते आणि चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. गडावर गाडी नाही. समुद्रकिनाऱ्यावर रायगड-रत्नागिरीत पर्यटकांवर गुन्हे दाखल झालेत, वेळास-आंजर्ल्याला तर कासवं अंडी घालतात, आणि खाऱ्या पाण्याने तुमचीच चासी खाल्ली जाते ते वेगळं. वाट कोणाच्या शेतातून जात असेल तर थांबून विचारा, भाताच्या खाचरात आणि बांधावर कधीच नाही. गावातल्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसलं की पुढची वाट, ओढ्याचं पाणी, कोणाची जमीन, सगळं कळतं.

ऋतूप्रमाणे धोका बदलतो. जूनच्या पहिल्या पावसात धुळीचा वरचा थर निसरडा होतो, तेव्हा चढ सगळ्यात फसवे. जुलै-ऑगस्टला डोंगरात वर पाऊस झाला की खालचा ओढा तासाभरात वाढतो, येताना ओलांडलेला ओढा परत जाताना मिळेलच असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गवत कमरेएवढं, आतला दगड आणि खड्डा दिसत नाही, म्हणून एक माणूस काठी घेऊन पुढे चालवा. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलेलं धरणाचं पात्र, वरून भेगा पडलेली कडक जमीन आणि फूटभर खाली गाळ, तिथे रुतलेली गाडी काढायला गावातला ट्रॅक्टर येतो आणि कधीकधी तोही रुततो.

एकट्याने जाऊ नका, कमीत कमी दोन गाड्या, त्यातली एक तरी नीट रिकव्हरी पॉइंट असलेली. फोनला रेंज नसते, ४४६ मेगाहर्ट्झवाले लायसन्स न लागणारे वॉकीटॉकी पुरतात. घरी कोणालातरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा.

चालवताना

लो रेंज रुतल्यावर नाही, अडथळ्याच्या आधी टाकायचा, गाडी थांबवून. कोरड्या डांबरीवर ४ बाय ४ लावून वळू नका, या गाड्यांत मधला डिफ नसतो, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वळणातलं अंतर वेगळं पडतं आणि ताण सगळा गिअरांवर येतो. स्टिअरिंग धरताना अंगठे आत नकोत, दगडाने चाक फिरवलं की अंगठा मोडतो.

जिथे शंका आली तिथे उतरा आणि चालत जाऊन बघा. चढावर जाताना अर्ध्यात गिअर बदलायला लागू नये असा गिअर आधीच निवडा, साधारण लो रेंज दुसरा. चढ जमला नाही तर तिथल्या तिथे वळवायचा प्रयत्न अजिबात नाही, आडवी गाडी उलटते. इंजिन बंद पडलं तर ब्रेक घट्ट दाबा, रिव्हर्स टाका आणि इंजिन ब्रेकिंगवर सरळ मागे उतरा, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये नाही. उतारावर लो रेंज पहिला, पाय क्लचवरून लांब, ब्रेक हलका. मागचा भाग आडवा सरकायला लागला तर मन नको म्हणत असलं तरी ब्रेक सोडून किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा, चाकं फिरली की गाडी सरळ होते.

मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका, चाक त्याच्यावर चढवा, कारण डिफचा गोळा हा सगळ्यात खालचा भाग आहे. चर तिरका ओलांडायचा, एकावेळी एक चाक. खोल चाकोऱ्या असतील तर त्यांच्यात न पडता कडांवरून चाकं न्या, पडलातच तर स्टिअरिंग सरळ आहे ना ते बाहेर बघून खात्री करा. बाहेर उभा राहून वाट दाखवणारा स्पॉटर एकच असावा आणि त्याच्याकडेच बघायचं, चौघं चार बाजूंनी ओरडत असले की गाडी नेमकी पाचव्या बाजूला जाते.

पाणी ओलांडताना आधी माणूस चालत जातो. गुडघ्याच्या वर जोरात ओढ लागत असेल तर गाडी पण नाही. आत हळू शिरायचं, मग एकसारखा वेग, पुढे जी लाट तयार होते तिच्या मागे राहायचं, मध्ये क्लच नाही, गिअर बदल नाही. आणि इंजिन पाण्यात बंद पडलंच तर परत स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर गाडी टोइंगनेच घरी.

घरी आल्यावर

घाटात लागायच्या आधी ब्रेक हलके दाबून सुकवा, पॅडमध्ये चिखल असतो. रस्त्यावर आल्यावर चाकाच्या आतला सुकलेला चिखल काठीने काढा, नाहीतर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगचे पैसे देतात.

धुताना वरून चकचकीत नंतर करा, आधी खालून प्रेशरने चासीच्या आतल्या कोपऱ्यांत, स्किड प्लेटच्या वर जिथे माती साठून ओली राहते तिथे, आणि रेडिएटरच्या जाळीतल्या गवताच्या बिया, त्या मात्र हळू पाण्याने, प्रेशरने पात्या वाकतात. जुन्या गाडीला पाट्यांच्या शॅकलला आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारा, ग्रीस बाहेर येईपर्यंत. पाण्यातून गेला असाल तर डिफचा फिलर बोल्ट उघडून बोट घालून तेल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदलायचं. बूट फाटलेत का, ब्रेकच्या पाइपला दगड लागलाय का, शॉकअप गळतोय का, एवढं खाली झोपून बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कायनेटिक दोर चिखलासकट डिकीत टाकू नका, साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, आत गेलेली वाळू धागे कापते. चाकं खोलून परत लावली असतील तर नट ५०-१०० किलोमीटरनंतर परत आवळा, म्हणजे साधारण बुधवार-गुरुवारपर्यंत ऑफिसच्या पार्किंगमध्येच ते काम उरकतं, पाना तेवढा गाडीत असू द्या.